आधारदंड बसवण्यात येत आहे

किस्से कोणी गोळा करत बसत नाही हो. मोरीच्या जाळीत केस अडकतात ना, तसे ते आपोआप साचतात. रोज बघावं तर काहीच नसतं, आणि एक दिवस पाणी तुंबलं की कळतं, अरे बापरे, एवढे! मला रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पण चार माणसं जमली आणि कोणी नुसतं "बाथरूम" म्हटलं की माझी टकळी सुरू होते. आमचे हे तेवढ्यात उठून बाहेर जातात. त्यांना सगळे किस्से पाठ आहेत.

ऑफिसचं नाव सांगणार नाही. नाशिकमधलं एक सरकारी ऑफिस, एवढं पुरे. पेन्शन अजून तिथूनच येतं! ऐंशीच्या आसपासची गोष्ट. गरीब म्हाताऱ्या माणसांनी न्हाणीत पाय घसरून पडू नये, म्हणून सरकारने एक योजना काढली. सरकारी खर्चाने न्हाणीत धरायला लोखंडी दांडा, खाली खरखरीत फरशी, आणि उंबरा उंच असेल तर एक पायरी. योजना चांगलीच होती, त्याबद्दल माझा वाद नाही. बहुतेक परदेशातून इंग्रजीत आली असावी, आणि मुंबईला बसून कोणीतरी तिचं मराठी केलं. तिथेच माती खाल्ली.

आमच्या कक्षात माणसं मोजकीच. दाभाडे साहेब सगळ्यांत वर. नियमात बसत नसेल तर हा माणूस शिंकसुद्धा मागे घेईल, असे. ओव्हरसियर बच्छाव, सटाण्याकडचे, तोंडात कायम पान. मिस्त्री शकूरभाई, दांडे बसवणारे. आणि मी, पगारे बाई. मला का घेतलं? तर बायकांच्या न्हाणीत परका पुरुष टेप घेऊन कसा शिरणार, म्हणून! आमच्या कॉलनीत मी पहिली बी.ए. झालेली मुलगी. आई सगळ्यांना कौतुकाने सांगायची, "आमची शोभा सरकारी हापिसात लागली." काय काम करते असं कोणी विचारलं की लगेच चहा टाकायला उठायची.

*

तर तो शब्द. दांड्याला मराठीत दांडा म्हणावं की नाही? छे! जी.आर.मध्ये लिहिलं होतं 'आधारदंड'. आम्हीही मग पहिल्या गठ्ठ्यातल्या सगळ्या लोकांना तसंच छापील पत्र धाडलं. "आपल्या स्नानगृहात शासनामार्फत आधारदंड बसवण्यात येत आहे. तरी आपण घरी हजर राहावे."

आता तुम्हीच सांगा, सरकारने दंड बसवलाय म्हटल्यावर कोण शहाणा घरी हजर राहील?

जीपमध्ये दांडे घालून आम्ही थाटात निघालो, तर घरोघरी कुलूप. सातपूरला एक आजोबा होते, कारखान्यात वॉचमन होते पूर्वी. ते लेकीकडे पळून गेले होते. शेजारीण म्हणाली, "पहिल्या यष्टीनंच गेले. सरकारी लफडं हाय म्हणत होते." पुढच्या घरी मात्र आजोबा सापडले, कारण त्यांना पळता येत नव्हतं. जीप दिसली तसे हात जोडून उभे राहिले.

"साहेब, माफी करा. मी पाणी जास्ती वापरतच नाही."

दाभाडे साहेब गोंधळले. "अहो, पाण्याचा काय संबंध?"

"आठवड्यातून दोनदाच आंघोळ करतो, साहेब. तुम्ही म्हणत असाल तर एकदाच करीन!"

बच्छावांना हसू आवरेना, ते जीपच्या मागे जाऊन पान थुंकून आले. परत येताना मी साहेबांना म्हटलं, "साहेब, पुढच्या पत्रात साधं 'दांडा' लिहू या ना." साहेब म्हणाले, "जी.आर.मध्ये जो शब्द आहे तोच. आपण कोण बदलणारे?" दुसऱ्या गठ्ठ्यातही आधारदंडच गेला, आणि जीप पुन्हा भरलेली परत आली.

*

त्या पत्राला घाबरून न पळालेलं एकच माणूस मी पाहिलं. अनुसयाबाई. मखमलाबादकडे मळ्यात राहायच्या, झेंडू आणि शेवंती पिकवणारं घर, पण जमीन दुसऱ्याची. बुधवारच्या बाजारात फुलांची पाटी घेऊन बसायच्या. पत्र कोणाकडून तरी वाचून घेतलं आणि बाजार उरकून थेट आमच्या ऑफिसात हजर, रिकामी पाटी कमरेवर. आल्या आल्या काय म्हणाव्यात?

"दंड किती बसवायचा तो बसवा, सायेब. भरते मी. पर न्हानीत धराया दांडा द्या!"

मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि समजावलं की आजी, हा दंड म्हणजेच दांडा. त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. "मंग दांडाच लिवायचा ना, बाई. शाई वाचली असती."

झालं होतं असं, की बसून आंघोळ करताना शेवाळावरून घसरल्या आणि खुबा मोडला. हाड जुळलं, चालायलाही लागल्या, पण खाली बसलं की धरायला काही असल्याशिवाय उठता येईना. तेव्हापासून सून आंघोळ घालत होती. मला वाटलं, झालं, आता सुनेच्या कागाळ्या सुरू होणार. मी विचारलं, "सून नीट घालत नाही का?"

"लय नीट घालती," त्या म्हणाल्या. "वाईट असती तर भांडले असते, मोकळी झाले असते. चांगली हाय, म्हनून तर लाज वाटती. मेलेल्या नवऱ्यानंबी मला असं कधी पाह्यलं नाय, बाई. मला माझी आंघोळ माझी मी करायचीय. बास."

मला भरून आलं, सरळ सांगते. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "होऊन जाईल आजी, महिन्याभरात." नोकरीत नवी होते ना! बच्छाव कोपऱ्यातून म्हणाले, "पगारे बाई, सरकारी महिना सांगितला का त्यांना?"

*

दुसऱ्या दिवशी साहेबांना घेऊन मखमलाबादला गेले. अनुसयाबाईंची न्हाणी म्हणजे घरामागे एक मोठा दगड. तीन बाजूंना गोणपाट, चौथ्या बाजूला शेवग्याचं झाड. वर बघावं तर आभाळ. साहेबांनी दगडाभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "स्नानगृह कुठे आहे?"

"हेच की," अनुसयाबाई म्हणाल्या.

साहेबांनी जी.आर. काढला. स्नानगृह म्हणजे पक्क्या भिंती आणि छप्पर असलेली जागा. दांडा भिंतीतच बसवायचा. भिंतीसाठी पैशाची तरतूद नाही. "भिंत नाही, म्हणजे अपात्र," साहेब म्हणाले आणि जीपकडे निघाले.

परतताना माझं डोकं तापलं होतं. मी म्हटलं, "साहेब, ज्याच्याकडे पक्की न्हाणी आहे तो गरिबीच्या अटीत बसत नाही. जो अटीत बसतो त्याच्याकडे न्हाणीच नाही. मग ही योजना आहे तरी कोणासाठी?"

साहेब अगदी शांतपणे म्हणाले, "पात्र लाभार्थ्यांसाठी."

अनुसयाबाई मात्र दर बुधवारी यायला लागल्या. पाटीत उरलेली झेंडूची फुलं माझ्या टेबलावर ठेवायच्या आणि विचारायच्या, "झालं का, बाई?" मी म्हणायची, "अजून नाही, आजी." त्या म्हणायच्या "बरं," आणि उठायच्या, खुर्चीच्या हाताला धरून, हळूहळू. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बुधवार उजाडला की मला धडकी भरायची.

*

पक्की न्हाणी असलेला खराखुरा गरीब शोधायला आम्ही जिल्हाभर हिंडलो. विंचूरला एकदाचा सापडला! वाटणीत भावाला घर गेलं आणि या आजोबांना एक पडवी आणि न्हाणीघर आलं. चार भिंती, वर पत्रा, सगळं जी.आर.प्रमाणे. साहेबांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं आता पेढे वाटतात. स्वतः पुढे होऊन त्यांनी न्हाणीचं दार उघडलं.

आत कांदे. जमिनीपासून पत्र्यापर्यंत नुसते कांदे!

"आजोबा, हे काय?"

"कांदे. पुतन्याचे हायेत."

"मग तुम्ही आंघोळ कुठे करता?"

"हितंच, भाईर. बादलीवर."

"अहो, न्हाणी असून बाहेर?"

आजोबांनी साहेबांकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "सायेब, कांदा भिजला तर सडतो. मी भिजलो तर सडतो का?"

दांडा बसवायचा तर कांदे काढायला हवेत, आणि कांदे काढायचे तर भाव यायला हवा. साहेबांनी प्रकरणावर शेरा मारला, "कांद्यास भाव येईपर्यंत प्रलंबित ठेवावे." मुंबईहून उलट टपाली विचारणा आली, "भाव केव्हा येणार ते कळवावे." बच्छाव म्हणाले, "ते जर मला कळत असतं, तर मी इथे म्हाताऱ्यांच्या मोऱ्या मोजत बसलो असतो का?"

बुधवारी हा किस्सा मी अनुसयाबाईंना सांगितला. त्या पोट धरून हसल्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "बघा बाई! कांद्याला चार भिंती, आन मला गोनपाट!"

*

शेवटी देवळ्याला एक दांडा बसला. आमचा पहिला! त्या अण्णांची न्हाणी पक्की होती आणि तिच्यात कांदे नव्हते. शकूरभाईंनी मुंबईच्या नकाशाबरहुकूम काम केलं. पण तो नकाशा मूळचा परदेशी. त्यातला म्हातारा उंचापुरा, उभा राहून फवाऱ्याखाली आंघोळ करणारा, आणि दिसायला आमच्या साहेबांपेक्षा तरुण. दांडा त्याच्या हिशोबाने. आपली माणसं बसतात पाटावर.

अण्णा पाटावर बसले, हात वर केला, पुरेना. आणखी ताणला, तरी पुरेना. बच्छाव त्यांच्याच बाजूचे, म्हणून अण्णांनी त्यांनाच अहिराणीत विचारलं, "बच्छाव भाऊ, हाई काय शे? टोपी टांगाले?"

"नही अण्णा, धराले शे."

"मंग मी उभा राहीसन आंग धोऊ का?"

मी साहेबांना म्हटलं, दांडा खाली घेऊ या. साहेब म्हणाले, "नकाशात जी उंची आहे तीच." त्यांनी ऑफिसात येऊन प्रश्न त्यांच्या पद्धतीने सोडवला. परिपत्रक काढलं! "सर्व लाभार्थ्यांनी शक्यतो उभे राहून आंघोळ करावी." 'शक्यतो' हा शब्द त्यांनी नंतर हाताने घातला. माणूस मनाने वाईट नव्हता.

पुढे आम्ही तपासणीला गेलो तेव्हा अण्णांच्या दांड्यावर धोतर, टॉवेल, दोन टोप्या आणि सुनेचं लुगडं वाळत होतं. साहेबांनी विचारलं, "वापर होतो का?" अण्णा म्हणाले, "व्हस ना! रोज व्हस!" साहेबांनी लिहिलं, "दररोज वापर." मुंबईहून शाबासकीचं पत्र आलं.

*

आणि ऑडिट! ते तर विचारूच नका.

ऑडिटवाले आले, कागद चाळले आणि लेखी विचारलं, "आपल्या कार्यालयाने नागरिकांना दंड बसवल्याचे दिसते. वसुली शून्य का?"

साहेबांनी उत्तर दिलं, "सदर दंड भिंतीत असल्याने वसूल करता येत नाहीत."

झालं! लगेच दुसरा प्रश्न. "शासकीय वसुलीची रक्कम भिंतीत ठेवण्यास परवानगी कोणी दिली?"

बच्छावांनी एक दांडाच उचलून नेला आणि ऑडिटरच्या टेबलावर ठेवला. "हा घ्या दंड. पावती द्या." ऑडिटर भला माणूस निघाला, दांड्याकडे बघून बराच वेळ हसला. पण प्रश्न काही मागे घेतला नाही. एकदा लिहिलं ते लिहिलं म्हणाला. तो दांडा मग ऑफिसच्या कोपऱ्यातच राहिला आणि आमचे शिपाई त्यावर छत्र्या अडकवायला लागले.

*

देवळ्याच्या शाबासकीमुळे मुंबईहून एक पथक पाहणीला आलं. त्यांना नाशिकरोडला एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी न्यायचं ठरलं. तिथला दांडा मार्च एंडच्या घाईत बसवलेला. शकूरभाई तेव्हाच म्हणाले होते, "साहब, भिंत पोकळ वाटते." पण मार्चमध्ये असल्या गोष्टी ऐकायला कोणाला वेळ असतो?

पाहुण्यांसमोर साहेब खुलले. पुढे होऊन दोन्ही हातांनी दांडा धरला. "आपण बघू शकता, लाभार्थ्याने यावर पूर्ण वजन टाकले तरी..."

'तरी'ला साहेब, दांडा आणि अर्धी भिंत एकदम खाली!

धूळ बसली. साहेब मोरीत आडवे, दांडा अजून दोन्ही मुठींत घट्ट. पथकातले लोक कपड्यांवरची धूळ झटकायला लागले. शकूरभाई तेवढे हळूच म्हणाले, "दांडा तो मजबूत था साहब, दीवार ने धोका दिया." त्यावर घरातल्या आजी काय म्हणाल्या माहीत आहे?

"अगं बाई! म्हणून तर आम्ही त्याला हातसुद्धा लावत नाही!"

साहेबांचं उजवं मनगट मोडलं आणि डावं मुरगळलं. उजव्याला प्लास्टर, डाव्याला पट्टी. तरी सोमवारी ऑफिसला आले. सही करता येईना, चहाचा कप धरता येईना. शिपाई बशीतून चहा पाजायचा. आम्ही सगळे खाली माना घालून काम केल्यासारखं करायचो.

दोनचार दिवसांनी बच्छावांना राहवलं नाही. "साहेब, आंघोळीचं कसं करता?"

साहेबांचे कान लाल झाले. "मुलगा घालतो."

माझ्या तोंडून निघून गेलं, "नीट घालतो का?"

साहेब खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं आता ओरडतील. पण ते म्हणाले, "फार नीट घालतो." आणि मग म्हणाले, "पगारे बाई, त्या फुलवाल्या आजींची केस काढा."

*

केस काढली. साहेबांनी जी.आर. टेबलावर उघडून ठेवायला सांगितला. पान उलटायला हात नव्हता, म्हणून मी उलटत होते. एका ओळीवर म्हणाले, "थांबा." ओळ अशी, की आधारदंडाच्या मजबुतीसाठी लागेल ते बांधकाम करण्यास हरकत नाही.

"मजबुती किती महत्त्वाची असते," साहेब प्लास्टरकडे बघत म्हणाले, "हे आता या ऑफिसला माहीत आहे. लिहा. आधारदंड एक. त्याच्या मजबुतीसाठी भिंत एक."

मी लिहिलं. बच्छावांनी पान थुंकलं आणि खुर्ची ओढून जवळ आले. साहेबांचा डाव ते लगेच समजले.

"साहेब, एकटी भिंत वाऱ्याने पडेल."

"बरोबर. तिच्या मजबुतीसाठी बाजूच्या दोन."

"तीन भिंतींना चौथीचा आधार लागतो, साहेब."

"लिहा, चौथी."

"पावसाने भिजल्या तर?"

"वर पत्रा. मजबुतीसाठी."

"आणि साहेब, आतला दांडा मजबूत आहे की नाही, हे बघायला माणूस आत जाणार कुठून?"

साहेबांनी क्षणभर विचार केला. "दार. तपासणीसाठी."

मी विचारलं, "आणि दांड्याची उंची, साहेब? आजी बसून आंघोळ करतात. नकाशात तर..."

"परिपत्रकात 'शक्यतो' म्हटलंय ना मी?" साहेब खेकसले. "यांना शक्य नाही. बसून हात पुरेल तिथे लावा!"

त्या दिवशी मी साहेबांना मनातल्या मनात शंभर वेळा माफ केलं. असं एका दांड्याच्या मजबुतीसाठी अख्खं न्हाणीघर मंजूर झालं. मुंबईहून कोणी अवाक्षर काढलं नाही. उलट शेरा आला, "काम भक्कम दिसते."

*

आता शेवटचा.

न्हाणी उभी राहिली. शकूरभाईंनी जीव ओतून काम केलं, दांडा असा बसवला की हत्ती बांधावा. जिल्ह्यातली पहिली संपूर्ण न्हाणी म्हटल्यावर उद्घाटन आलंच! मुंबईहून मोठे पाहुणे यायचे ठरले. साहेबांनी दांड्याला लाल रिबीन बांधली आणि अनुसयाबाईंना बजावलं, उद्घाटनाआधी हात लावायचा नाही.

पाहुण्यांची तारीख पुढे गेली. मग आणखी पुढे गेली. न्हाणी तयार, आत दांडा तयार, आणि अनुसयाबाईंची आंघोळ शेजारच्या दगडावर, गोणपाटाआड, सुनेच्याच हातून. बुधवारी आल्या तेव्हा फुलं नव्हती पाटीत. म्हणाल्या, "दांडा बसला, बाई. आता मुंबईचे सायेब गाडीत कवा बसायचे?"

अखेर पाहुणे आले. सांगितलं होतं सकाळी, आले भर उन्हात. दारात मांडव, अनुसयाबाईंच्याच मळ्यातल्या झेंडूच्या माळा, पलीकडे सगळ्यांच्या जेवणाच्या पंगतीची तयारी. बंब पहाटेपासून पेटलेला. पाहुणे थेट न्हाणीत शिरले. त्यांच्यामागे दाभाडे साहेब, त्यांच्यामागे गावचे पुढारी, फोटोग्राफर, हार घेतलेली चार माणसं. एवढ्याशा जागेत सगळे अंग चोरून उभे. मी दारात. आणि रिबीन कापायला कात्रीच मिळेना!

कात्री येईपर्यंत काय करायचं, म्हणून पाहुण्यांनी न्हाणीतच भाषण सुरू केलं. म्हातारपण, समाज, शासन, असं एकेक घेत चालले. घामाच्या धारा लागल्या होत्या. इकडे अनुसयाबाई आल्या. हातात टॉवेल आणि साबणाची वडी, मागे सून सुनंदा कढत पाण्याची बादली घेऊन.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

दाभाडे साहेब आतून कुजबुजले, "आजी, जरा थांबा. कात्री येतेय."

"सरका," अनुसयाबाई म्हणाल्या.

आणि काय सांगू तुम्हाला, लोक सरकले. सरकायला जागा नव्हती तरी सरकले! त्या आत गेल्या, हाराचा दोरा सोडवावा तशी रिबिनीची गाठ दोन बोटांनी सोडवली आणि रिबीन पाहुण्यांच्या हातात दिली.

"हे धरा. आता भाईर व्हा समदे. मला आंघोळ करायचीय."

पाहुणे बाहेर आले. साहेब आले, पुढारी आले, हारवाले हारांसकट आले. सुनंदाने बादली आत ठेवली आणि सवयीप्रमाणे साडी खोचून तिथेच थांबली. सासूने तिच्या गालावरून हात फिरवला.

"तूबी, बाय."

सुनंदा बाहेर आली आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. आतून कडी लागली. मग पाण्याचा पहिला तांब्या पडल्याचा आवाज आला. पाहुणे हातात रिबीन घेऊन तसेच उभे. दुसरा तांब्या, तिसरा तांब्या. पाहुण्यांच्या सेक्रेटरीने घड्याळ बघितलं, मग साहेबांकडे बघितलं. साहेब घाम पुसत दाराशी गेले आणि शक्य तितक्या अदबीने म्हणाले, "आजी, अजून किती वेळ लागेल?"

आतून आवाज आला,

"लय वर्सांची ऱ्हायलीय, सायेब. तुमी समदे जेवून घ्या!"